बोजाऱ्याचे पैसे आणि हिशेबाची वही

आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातलं आमचं लहानसं गाव, कापूस आणि तुरीचं वावर. लोक पहिला प्रश्न परीक्षेचा विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे: चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसता येतं, आणि तिथल्या विषयांत लेखाशास्त्रही आहे. पैशाचं काय शिकवता, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. मला तर तोच विषय सगळ्यात निकडीचा वाटतो. आमच्या भागात दिढी-सवाईने, म्हणजे दीडपट-सव्वापट फेडायच्या बोलीने, उचल घेतलेली घरं मी लहानपणापासून पाहिली आहेत. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाकाठी शंभराला साठ रुपये, हे कळत असतं तर काही वावरं आज त्या घरांकडेच राहिली असती.

सुरुवात तान्ह्या पोळ्यापासून केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मिळवतात. बहुतेक घरी ते पैसे संध्याकाळी आईकडे जमा होतात आणि मग त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. आम्ही दोघांनी ठरवलं की या पैशांना आपण हात लावायचा नाही. ज्याचे त्याच्याकडे राहतील, फक्त वहीत लिहायचे: जमा, खर्च, शिल्लक. महिनाअखेरीला डब्यातले पैसे मोजायचे आणि वहीशी जुळवायचे. धाकट्याने पहिल्या आठवड्यात सगळे बोरकुटावर आणि भोवऱ्यावर उडवले. मी काही बोलले नाही. त्याच्या वहीत शिल्लक शून्य लिहिलं गेलं, ते त्यानेच लिहिलं.

खरी शाळा भरली ती आठवडी बाजारात. थोरलीने विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत सांबार लावला. (बाहेरच्या वाचकांसाठी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) धने तिनेच चपलेने रगडून दोन फाका केले, पेरले, पाणी दिलं. चाळीसेक दिवसांनी उपटून जुड्या बांधल्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळून ऑटोने बाजारात नेल्या. मी शेजारी बसले होते, पण भाव सांगायचा नाही असं आमचं ठरलेलं होतं.

"सांबार कसा देते, माय?"

"दहाला जुडी, आजी."

"तिकडं तर पाचला देऊन राहिले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वांग्याच्या ढिगाकडे पाहत राहिले. मग तिने एक जुडी उचलून आजीच्या हातात दिली आणि म्हणाली, "मुळं धुतली आहेत, चिखल नाही. वजन पाहा." आजीने दोन घेतल्या. चार वाजेपर्यंत भाव दहाचाच राहिला. ऊन उतरलं, गिऱ्हाईक पांगलं, तेव्हा तिने स्वतःहून पाच केला.

रात्री हिशेब मांडला. बावीस जुड्या दहाने, नऊ पाचने, चार कोमेजून घरी आल्या. एकूण 265 रुपये. धने 60, ऑटो 40, बाजाराची पावती 10, म्हणजे खर्च 110. उरले 155. ती खूश होती, पण लगेच तिचा प्रश्न आला, "पाण्याची मोटर चालली त्याचं काय? आणि मी रोज वाफ्यात बसले त्याचं?" तिच्या बाबांनी पेन खाली ठेवला. कापसाच्या हिशेबात आपण स्वतःची मजुरी कधी धरतच नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण त्याबद्दल कधी उघड बोललो नव्हतो. त्या रात्री बोललो. मुलांसमोरच बोललो.

तिथून तिचं शिकणं तिच्या हातात गेलं. वहीच्या मागच्या पानांवर ती प्रश्न लिहू लागली. थंडीत सांबार स्वस्त आणि मे महिन्यात महाग का? कापसात ओल असली की भाव का कापतात? उत्तर मी द्यायचं नाही. कुणाला विचारायचं ते तिने शोधायचं, एवढाच नियम. ओलीसाठी ती बाबांसोबत खरेदी केंद्रावर गेली आणि ग्रेडरला, म्हणजे कापसाची प्रत तपासणाऱ्याला, विचारून आली. ओल आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, बारा टक्क्यांवर कापूस घेत नाहीत. 2024-25 मध्ये लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये होता. बारा टक्के ओलीला किती, ते तिने घरी येऊन काढलं: 7,220. क्विंटलमागे तीनशे रुपये फक्त ओलीचे! त्यानंतर वेचलेला कापूस वाळवायला ओसरीत पसरायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. टक्केवारीचा धडा मला वेगळा घ्यावा लागला नाही. 1937 साली आमच्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती आणि गांधीजींनी हातच्या कामातून शिकण्याचा विचार तिथे मांडला होता. मला तो विचार आजही खरा वाटतो.

व्याजाचा विषय घरातच पेटला. धाकट्याला मांजा-चक्री हवी होती, शिल्लक शून्य. थोरलीने पन्नास रुपये दिले, पण महिन्याला शेकडा दोनने, कारण माझ्या बचत गटात तोच दर चालतो हे तिने ऐकलेलं. भावाबहिणीत व्याज नको, असं तिच्या बाबांचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं होतं: घेणाऱ्याला दर कळला पाहिजे, मग तो हो म्हणो की नाही. आम्ही धाकट्याला हिशेब करायला बसवलं. पन्नासावर महिन्याला एक रुपया, वर्षाला बारा. तो बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "मग मी चक्री पुढच्या महिन्यात घेतो." कर्ज बारगळलं. मला फार आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

मग खातं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं आणि स्वतःच्या सहीने चालवता येतं. पाचशे रुपयांनी खातं सुरू होतं, व्याज वर्षाला चार टक्के. त्याआधी आम्ही एका बँकेत गेलो होतो. तिथे शाळेचं बोनाफाईड मागितलं, नाही म्हटल्यावर फॉर्म परत सरकवला. घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना माझं सांगणं आहे, जन्मदाखला आणि आधार नेहमी सोबत ठेवा आणि वादात वेळ घालवू नका. पोस्टात ते कागद चालले. फॉर्म थोरलीनेच भरला, सही कशी करायची याचा सराव वहीवर करून गेली होती.

पासबुक हातात आल्यावर तिने बचत गटाचे चोवीस टक्के आणि पोस्टाचे चार टक्के शेजारी शेजारी मांडले. गटातल्या बाया इतकं व्याज भरून कर्ज का घेतात आणि ते व्याज शेवटी कुणाकडे जातं, हे तिने गटाच्या मासिक बैठकीत येऊन सरळ विचारलं. अध्यक्षाबाईंनी तिला नोंदवही दाखवली: व्याज गटातच राहतं आणि वर्षअखेरीला वाटलं जातं. आता दर बैठकीला वही लिहायला त्या तिलाच बसवतात. धाकटा अजून नऊचा आहे. त्याचे पैसे सध्या डब्यातच आहेत, आणि यंदाच्या बोजाऱ्यातले पन्नास रुपये त्याने धन्यासाठी वेगळे काढले आहेत.