किब्बरला कॅमेरा बाहेर झोपायचा

फेब्रुवारीत स्पितीला जायचं तर मनालीची वाट धरता येत नाही, कुंझुम खिंड बर्फाखाली असते. शिमला, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो असं आधी सतलजच्या आणि मग स्पिती नदीच्या काठाकाठाने यावं लागतं. चौथ्या दिवशी काझा, आणि तिथून वर किब्बर, सुमारे ४२०० मीटरवर. हिमबिबट्या पाहायला आलो होतो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आज फक्त कॅमेऱ्याबद्दल लिहिते. निघण्याआधी मला याबद्दल मराठीत धड काही वाचायला मिळालं नव्हतं, आणि त्याचा फटका पहिल्याच संध्याकाळी बसला.

त्या दिवशी चिचमच्या पुलाजवळ चार तास बसलो होतो. समोरच्या कड्यावर भरलांचा, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढ्यांचा कळप, तापमान उणे १८. ऊन गेल्यावर मुक्कामाच्या घरी परतलो. हिवाळ्यात तिथलं अख्खं घर एकाच खोलीत राहतं. मधोमध बुखारी, म्हणजे लोखंडी चूल, तिच्यावर उकळत्या पाण्याचं भांडं, भोवती आम्ही सात-आठ माणसं. मी सवयीने कॅमेरा गळ्यात ठेवूनच आत गेले. चहाचा पेला हातात येईपर्यंत लेन्स पांढरी पडली, मग तिच्यावरून पाणी ओघळायला लागलं. मी घाबरून रुमालाने पुसलं आणि वाऱ्यावर सुकेल म्हणून कॅमेरा पुन्हा बाहेर नेला. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. काही मिनिटांत त्या ओलीचा बर्फ झाला आणि झूमची कडी फिरेना. आतल्या भिंगांवर जे धुकं धरलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं नाही. नेमका त्याच सकाळी बिबट्या समोरच्या कड्यावर आला. गाइडच्या स्कोपमधून, म्हणजे दुर्बिणीतून, मी त्याला डोळे भरून पाहिलं. माझ्या फोटोंत तो एक राखाडी डाग आहे.

खरं तर हे मला कळायला हवं होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तोच हा प्रकार. जुलैत आंबोलीला बेडूक-सापांचे फोटो काढायला जाणाऱ्यांना एसी गाडीतून उतरल्यावर लेन्स धुरकटते हे ठाऊक असतं. थंड काचेला दमट हवा भेटली की पाणी होणारच. फरक इतकाच, की आंबोलीत बाहेरची हवा दमट आणि किब्बरमध्ये आतली. बाहेरची स्पितीची हवा हाडासारखी कोरडी असते. कॅमेरा थंड आहे तोवर त्याला तिथे फारसा धोका नाही. धोका दाराच्या आत आहे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आमचा गाइड त्याचा स्कोप कधी आत आणतच नाही. तो चाऱ्याच्या खोलीत टांगून मग चहाला येतो. त्या रात्रीपासून माझा कॅमेराही तिथेच झोपला. निजायची वेळ झाली की बॅटरी आणि कार्ड काढायचं, कॅमेरा जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालायचा, आतली हवा दाबून काढायची, आणि पिशवी बॅगेत. कार्ड आधीच काढलेलं असल्यामुळे रात्री फोटो बघण्यासाठी पिशवी उघडायचा मोह होत नाही. कॅमेरा आत आणायचाच असेल तर पिशवी बाहेर, त्या कोरड्या हवेतच बंद करायची, आणि आत आणल्यावर दोन-तीन तास हात लावायचा नाही. पाणी धरतं ते पिशवीच्या बाहेरून.

बॅटरीचं मात्र उलट. तिला ऊब लागते. पुण्यात दिवसभर पुरणारी बॅटरी कड्यावर दीड तासात लाल दिवा दाखवायला लागली. ती संपलेली नसते. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्याला हवा तेवढा प्रवाह मिळत नाही. तीच बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात अर्धा तास ठेवली की पुन्हा कामाला येते. मी चार बॅटऱ्या नेल्या होत्या, एक कॅमेऱ्यात आणि तीन अंगाशी, अशा दिवसभर फिरवत राहायचे. रात्री त्या रजईत. एक गोष्ट कळकळीने सांगते: गारठलेली लिथियम-आयन बॅटरी आल्या आल्या चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. आधी तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा.

बाकीच्या गोष्टी अनुभवाने जमत गेल्या. लेन्सवर बर्फाचे कण पडले तर फुंकर मारायची नाही, श्वासातली वाफ काचेवर गोठते. मऊ ब्रशने झटकायचे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास बाजूला सोडायचा. ट्रायपॉडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायांना पाइपांना लावतात तो फोम गुंडाळला, कारण उघडा हात तिथे क्षणभरही टिकत नाही. हात गरम ठेवायच्या पुड्या मात्र घरी वाटल्या होत्या तितक्या तापल्या नाहीत. त्यांत लोखंडाची पूड असते, ती ऑक्सिजनशी संयोग पावून तापते, आणि किब्बरची हवा विरळ. त्यांच्यावर विसंबू नका, आतून पातळ हातमोजे आणि वर जाड हातमोजे हेच खरं.

शेवटच्या संध्याकाळी घरच्या आजींनी विचारलंच, "बेटी, कैमरा रोज बाहर क्यों? उसको ठंड नहीं लगती?" सकाळी निघायचंच होतं, म्हणून मी पिशवी आत आणून त्यांच्यासमोर ठेवली. बघता बघता प्लास्टिकवर थेंब उभे राहिले. आजींनी बोटाने एक रेघ ओढली, रेघेतून आतला कोरडा कॅमेरा दिसला. मग त्या उठल्या, चुलीजवळची जागा सोडून दाराशेजारच्या फळीवर त्यांनी पिशवी ठेवली आणि नातवाला तिला हात न लावण्याची ताकीद दिली.