फिल्मखाली मुरलेले पेट्रोल

आठ महिन्यांपूर्वी मी मोटरसायकलच्या ज्या पेट्रोल टाकीवर कार्बन फायबरच्या विणीसारखी दिसणारी विनाइल फिल्म चढवली होती, ती टाकी परवा पेट्रोलच्या वासाची तक्रार घेऊन परत आली. तेव्हापासून माझे मन त्याच कामाभोवती घुटमळते आहे.

गाडी अठरा वर्षांची होती. ती घेऊन आलेल्या मुलाच्या वडिलांची असल्यामुळे त्याला ती विकायची नव्हती. पुढचे मडगार्ड, दोन्ही साइड पॅनल आणि शेपटीचा भाग यांचे काम सरळ होते. मडगार्डचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पापुद्र्यांसारखा सुटत होता. अशा पृष्ठभागावर फिल्म लावली तर ती रंगाला नव्हे, सुटणाऱ्या पापुद्र्याला चिकटते आणि काही दिवसांनी त्याच्यासकट उचलली जाते. म्हणून तो कोट पूर्ण घासून काढला. साइड पॅनल न रंगवलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे होते. या प्लॅस्टिकवर गोंद नीट पसरतच नाही, त्यामुळे कडांना प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा द्रव, द्यावाच लागतो.

टाकीचे काम मात्र मी मनापासून केले होते, आणि ते चांगले झाले होते हे मी आजही म्हणेन. कार्बनची वीण तिरकी असते. फिल्म एका बाजूला जास्त ताणली गेली की तिचे चौकोन लांबट होतात आणि बघणाऱ्याला कारण कळले नाही तरी काहीतरी बिनसलेले जाणवते. मी कास्ट फिल्म वापरली. ती द्रव पीव्हीसीचा पातळ थर ओतून, भट्टीत सुकवून तयार होते, त्यामुळे तिच्यात मुळात ताण कमी असतो. रुळांतून लाटलेली स्वस्त फिल्म गोलाईवर बसवली की पुन्हा सपाट व्हायला ओढ घेते आणि कडा उचलते. तीच ‘टाकीसाठी चालेल’ म्हणून गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांचा मला राग येतो. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना वीण जुळवून, ताणलेल्या जागा शेवटी सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मी तिचा आकार पक्का केला होता.

चूक त्याआधीच झाली होती. टाकीच्या डाव्या बाजूला, खालच्या जोडाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढे तीन फुगवटे होते. मी ते पॉलिश पेपरने घासून सपाट केले. आत पूर्वीच्या कोणा रंगाऱ्याने भरलेली पुट्टी दिसली, हाताला गुळगुळीत लागली आणि मी पुढे गेलो. रंगाऱ्याने गंज काढण्याऐवजी तो पुट्टीने झाकला होता, आणि मी त्याचे झाकण तेवढे बदलले. पेट्रोलपेक्षा पाणी जड असल्यामुळे टाकीत शिरलेला ओलावा तळाशी साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणजे जोडाजवळचा फुगवटा ही रंगाची नव्हे, पत्र्याची तक्रार असते. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

वास येऊ लागल्यावर मुलगा आधी एका गॅरेजमध्ये गेला. तिथे पेट्रोल कॉकचा वायसर आणि नळी बदलली, कारण टाकी बाहेरून कोरडी होती आणि ओल फिल्मच्या मागच्या कडेला, सीटजवळ दिसत होती. त्या कारागिराला मी दोष देत नाही. गंजाने पडलेल्या भोकातून झिरपणारे पेट्रोल गोंद मऊ करत फिल्मच्या आतून सरकले आणि भोकापासून वीतभर अंतरावर बाहेर पडले. उघड्या टाकीवर पहिल्याच दिवशी जो डाग दिसला असता, तो माझ्या फिल्मने दडवला.

जुनी फिल्म काढताना आम्ही ती हीट गनने कोमट करतो, म्हणजे ती अखंड निघते. त्या दिवशी हीट गनचा प्लगसुद्धा काढून ठेवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे टाकी उघड्यावर नेऊन रिकामी केली आणि फिल्म थंडच सोलली. वरच्या बाजूला ती नखाएवढ्या तुकड्यांत तुटत होती. खाली मात्र काकवीसारख्या ताणल्या जाणाऱ्या गोंदासकट सहज सुटून आली. पुट्टी खरवडल्यावर टोच्याचे टोक हलकेच टेकवले आणि ते विशेष जोर न लावताच पत्र्यातून आत गेले.

मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “दादा, तेव्हा सांगितलं असतंत तर मी आधी टाकीच बघितली असती.” त्याच्या आवाजात राग नव्हता. पैसे परत देतो म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि इंजिन गरम असताना ते थेंब कुठे पडत असतील, एवढेच विचारले. मी बोटाने जागा दाखवली.

“नुसतं झाकून द्या” असे म्हणणारी गिऱ्हाइके रोज येतात आणि त्यांना तसे म्हणायची सवय आमच्याच धंद्याने लावली आहे. आता टाकीवर एकही फुगवटा दिसला, तर पत्रा उघडा होईपर्यंत घासल्याशिवाय आणि टाकी गळतीसाठी तपासून आणल्याशिवाय मी फिल्मचा रोल उघडत नाही. यामुळे दोघे जण काम न देता निघून गेले.

वहीत मागच्या वर्षभरातल्या टाक्यांच्या अकरा नोंदी निघाल्या. त्यांतल्या किती टाक्यांवर फुगवटे होते हे मी तेव्हा लिहून ठेवले नव्हते, म्हणून सगळ्यांनाच फोन करतो आहे. सात गाड्या तपासून झाल्या, दोन उद्या येणार आहेत, आणि उरलेल्या दोघांचे नंबर आता लागत नाहीत.