साडेसात दिवसांचा महिना

लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाचा हिशेब सोपा आहे. एकेरी तिकिटाच्या साधारण १५ पट पैसे भरायचे आणि महिनाभर हवं तितकं ये-जा करायचं. म्हणजे जाऊन-येऊन साडेसात दिवसांत पास वसूल, पुढे महिनाअखेरीपर्यंत रेल्वे आपल्याला फुकटात नेते-आणते. आमच्या ऑफिसातल्या दादर-माटुंग्याच्या मंडळींचा यावर जुना राग आहे. "तुम्हा बदलापूरवाल्यांचं बरंय, सरकारी खर्चाने रोज गावाला जाऊन येता!" त्यांचं अगदीच चूक नाही. बेस्टच्या बसमध्ये नुसता पाय ठेवायला मे २०२५ पासून १० रुपये पडतात. लोकलचं सगळ्यात लहान तिकीट ५ रुपयांना. शिवाय लोकलच्या भाड्याची रचनाच अशी, की अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. त्यावर पासाची सूट. सीएसएमटीहून ६८ किलोमीटरवर राहणारी मी दादरकरांपेक्षा किलोमीटरमागे कितीतरी स्वस्तात फिरते, हे कबूल.

पण लांब राहायला तुम्हाला सांगितलं कुणी, असं कुणी विचारलं की मात्र मी सरसावून बसते. गिरणगावात माणसं भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहत. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जमिनींवर टॉवर आले आणि चाळीतली खोली विकून कित्येक कुटुंबांनी डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार गाठलं. शहराला ही माणसं रात्री झोपायला नको होती, सकाळी साडेनवाला मात्र हवीच होती. तेव्हा पासाची सोय जितकी माझी, तितकीच नरिमन पॉइंटच्या ऑफिसांची. बदलापूरच्या घरभाड्यात भागेल एवढ्या पगारावर त्यांना माणूस मिळतो, कारण रेल्वे त्याला स्वस्तात आणून सोडते. पॅरिसमध्ये २०१५ साली सगळ्या उपनगरांसाठी एकाच दराचा पास सुरू झाला, आणि तिथे पासाचे निम्मे पैसे नोकरी देणाऱ्याने भरायचे असा कायदाच आहे. हे मी आमच्या एचआरला एकदा ऐकवलं. चहा मिळाला.

ही सूट किती कच्च्या दोरीला बांधली आहे, ते २०१४ च्या जूनमध्ये दिसलं. २० तारखेला रेल्वेची भाडेवाढ जाहीर झाली. प्रवासी भाड्यात १४.२ टक्के वाढ, आणि सोबत एक बारीकशी ओळ: मासिक पास आता १५ ऐवजी ३० फेऱ्यांच्या हिशेबाने. म्हणजे दुपटीहून जास्त! जुन्या दरात तिमाही, सहामाही, वार्षिक, मिळेल तो पास काढून ठेवायला खिडक्यांवर रांगाच रांगा लागल्या. २४ तारखेला सरकारने माघार घेतली. पास पुन्हा १५ फेऱ्यांवर, आणि दुसऱ्या वर्गाच्या ८० किलोमीटरपर्यंतच्या उपनगरी प्रवासाला वाढच नाही. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती, हा योगायोग समजू या.

मात्र ही सूट सगळी माझ्याच पदरात पडते असं कुणी समजू नये. 'स्टेशनपासून पायी सात मिनिटं' अशी जाहिरात करणाऱ्या बिल्डरने ती फ्लॅटच्या किमतीत आधीच वसूल केलेली असते. ज्यांना ती सात मिनिटं परवडत नाहीत ते शेअर रिक्षाने स्टेशनला येतात. माझा रिक्षाचा महिन्याचा खर्च पासाच्या दुपटीवर जातो. अडुसष्ट किलोमीटर स्वस्त आणि त्याआधीचे दोन महाग! पनवेलकरांचं गाऱ्हाणं आणखी निराळं. नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा हे शहर वसवणाऱ्या सिडकोने उचलला आणि त्यापायी तिकिटावर अधिभार बसला. आमचे रूळ इंग्रजांच्या काळातच पडून गेले होते, एवढंच आमचं नशीब.

ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल सोडल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरला प्रवाशांनी आंदोलन केलं आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. दादरच्या मैत्रिणीला नवल वाटलं, "गार हवासुद्धा नको तुम्हाला?" अगं बाई, एसीचं भाडं वेगळं. माझा पास ज्या गाडीला चालतो ती गाडीच वेळापत्रकातून गेली, तर सवलतीचं मी करू काय?

मला स्वतःला खुपतं ते वेगळंच. ही सवलत महिनाभर कामाची खात्री असलेल्यालाच मिळते. नाक्यावर उभा राहणारा गवंडी घ्या. या महिन्यात दहा दिवस काम लागेल की वीस, हे त्यालाच ठाऊक नाही. पासाचे पैसे एकरकमी अडकवायला तो कचरतो, रोज रांगेत उभं राहून पूर्ण भाड्याचं तिकीट काढतो. असंघटित कामगारांसाठी २००९ साली २५ रुपयांचा 'इज्जत' पास निघाला होता खरा, पण अट होती महिन्याचं उत्पन्न १,५०० रुपयांच्या आत असण्याची. मुंबईच्या आसपास तेवढ्यात जगणारा माणूस शोधायलाच वेगळा पास काढावा लागला असता.

मी तिमाही पास काढते. तो मासिकाच्या २.७ पट पडतो, म्हणजे आणखी दहा टक्के वाचतात. (वार्षिक पास १०.८ पट. वर्षाचे पैसे आधी देऊनही तेवढेच दहा टक्के, म्हणून त्या फंदात मी पडत नाही.) ज्याच्या हातात आगाऊ पैसे आहेत त्याला सवलतीवर सवलत, आणि गवंड्याला शून्य. दादरकरांना रागवायचंच असेल तर त्यांनी यावर रागवावं, मीही त्यांच्या बाजूने उभी राहीन. आता तिकीट मोबाइलवर निघतं, कुणी कधी कुठून कुठे गेलं याची नोंद रेल्वेकडे आपोआप होते. मग गवंड्याला रोजचं तिकीट रोज काढू द्यावं, आणि महिन्यात त्याच्या पंधरा फेऱ्या भरल्या की सोळावीपासून पैसे घेऊ नयेत.