आमची वाटचाल: जेट पंपाकडून ब्लोअरकडे

रत्नागिरीत आम्ही एसीच्या कामाला सुरुवात केली तेव्हा घरोघरी विंडो एसी होते. सर्व्हिस म्हणजे मशीन खिडकीतून ओढून काढायची, अंगणात धुवायची, खडखडीत वाळवून परत बसवायची. स्प्लिट आले तशी भिंतीवरच पिशवी लावून जेट पंपानं, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं, धुण्याची पद्धत रुळली. पाऊण तासात काम उरकतं. पण कोकणात कुबट वासाची तक्रार थोड्याच दिवसांत परत येते, कारण बुरशी मुख्यतः बसते ब्लोअरवर, म्हणजे आतल्या हवा फेकणाऱ्या लांबट पंख्यावर, आणि तिथवर जेट नीट पोचतच नाही.

कूलिंग चालू असताना कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी) १०-१२ अंशांपर्यंत उतरते आणि पावसाळ्यातली हवा २४-२५ अंशांनाच दव सोडते. त्यामुळे दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. एसी बंद केला की कॉइलवरचं पाणी आतच अडकतं. फिल्टरच्या जाळीतून निसटलेली बारीक धूळ ब्लोअरच्या पात्यांवर असतेच. ओल मिळाली की बुरशीचं फावलं. गार हवा येते तिथला फ्लॅप उघडून आत टॉर्च मारा. पात्यांच्या खोलगट बाजूला काळे ठिपके किंवा करडा थर दिसला तर नुसत्या जेटनं भागणार नाही. थर जाड झाला की हवेचा झोतही कमी होतो आणि माणसाला वाटतं, गॅस संपला. गॅस भरून देणारेही भेटतात!

म्हणून आता असं मशीन आलं की आम्ही ब्लोअर उतरवूनच धुतो. वेळ अडीच-तीन तास, दर साहजिकच जास्त. आधी एमसीबी (विजेचा सेफ्टी स्विच) बंद, मग पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीला) प्लास्टिक, कॉइलचा सेन्सर क्लिपमधून मोकळा. बऱ्याच मॉडेलांत मोटरच्या बाजूचा, ब्लोअर शाफ्टला पकडून ठेवणारा ग्रब स्क्रू सैल करून, कॉइलची दुसरी बाजू दोनेक इंच अलगद उचलली की ब्लोअर सरकून बाहेर येतो. इथे घाई केली तर तांब्याच्या नळीला मुरड पडते आणि पाचशेचं काम पाच हजारांवर जातं. ब्लोअर कोमट साबणाच्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवायचा, मऊ ब्रशनं एकेक पातं घासायचं. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. पात्यावर धातूची छोटी क्लिप असेल तर ती हलवायची नाही. तोल तिनंच सांभाळलेला असतो. बसवताना ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच आवळायचा, नाहीतर चालू करताच खडखडाट.

कॉइलला अ‍ॅसिड आम्ही लावत नाही. चकाकी येते खरी, पण अ‍ॅल्युमिनियमच्या फिन (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) खाल्ल्या जातात. ब्लीचचंही तेच, शिवाय ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. अ‍ॅसिड नसलेला कॉइल क्लीनर डब्यावरच्या प्रमाणात, आणि पाणी फिनच्या रेषेत सरळ. सुगंधी फवारे तर विसराच.

बुळबुळीचा गोळा बऱ्याचदा कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेला जोडलेल्या ड्रेनच्या (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी असतो, तो ओढून काढावा लागतो. ड्रेन पाइपला मीटरमागे निदान सेंटीमीटरभर उतार हवा, आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नको. युनिटच्या मागे भिंतीवरच बुरशी आली असेल तर एसी धुऊन उपयोग नाही: भिंतीतलं पाइपाचं भोक पुट्टीनं बुजवलंय का, पाइपावरचं इन्सुलेशन फाटलंय का, ते पाहावं.

१०० चौरस फुटांच्या खोलीत दीड टनाचा एसी घेऊ नका, असं आम्ही विक्रीच्या वेळीच सांगतो. खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतली ओल तशीच राहते. सेटिंग २४-२६ ठेवा, आणि बंद करण्याआधी अर्धा तास नुसता फॅन चालवा. मशीनमध्ये ऑटो क्लीन (बंद केल्यावर आतली ओल आपोआप सुकवणारी सोय) असेल तर तो चालू ठेवा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा.

आमचे फोन सगळ्यात जास्त वाजतात गणपतीच्या आधी, चाकरमानी बंद घरं उघडतात तेव्हा. मुंबईला परतताना फॅन तासभर चालवा, फिल्टर धुऊन पूर्ण वाळल्यावरच लावा, ड्रेनच्या तोंडाला जाळी बांधा म्हणजे पाली-किडे आत शिरत नाहीत, मगच एमसीबी पाडा.