एकही जंतू न सापडलेले हाड

जानेवारीतल्या त्या सकाळी लातूरमधील माझ्या अस्थिरोग दवाखान्यात धारूर तालुक्यातून एक आजी दहा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या; मुलीचे आईवडील कोयत्यावर, कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेले होते. पिशवीत आठ महिन्यांचे कागद होते. डाव्या नडगीवर दोन शस्त्रक्रिया, दोन्ही वेळा सहा आठवडे अँटिबायोटिक, आणि आता हाडाचा क्षय समजून औषधे सुरू करण्याचा सल्ला. आपल्या भागात क्षयाची शंका घेणे गैर नाही. मात्र दोन्ही वेळा हाडाच्या नमुन्यात एकही जंतू वाढला नव्हता, आणि आधीच्या औषधांमुळे तो वाढला नसेल, एवढ्यावर सर्वांनी समाधान मानले होते.

"आजी, हिला आणखी कुठे दुखतं का?"

त्यांनी फ्रॉकचा गळा बाजूला केला. "हितं गाठ हाय, पर ती हंडा वाहून आली असंल, सायेब."

हासळीचे हाड छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथे कठीण, दुखरी सूज होती. जंतुसंसर्ग या जागी क्वचित होतो. पण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडामुळे जंतूंशिवाय अनेक हाडांना वारंवार दाह होणारा, १९७२ मध्ये प्रथम वर्णन झालेला 'क्रॉनिक रिकरंट मल्टिफोकल ऑस्टिओमायलायटिस' हा आजार नेमकी हीच जागा पुष्कळदा धरतो. तो दाखवून देणारी एकही रक्ततपासणी नाही, म्हणून बाकीचे आजार एकेक करून बाजूला सारावे लागतात. ब्लड कॅन्सरही अशीच हाडे दुखवतो, या भीतीने बोनमॅरोचा अहवाल येईपर्यंतचे दिवस मला जड गेले. तो निर्दोष आला. बायोप्सीत फक्त दाहाच्या पेशी होत्या आणि सीबीनॅट या जनुकीय तपासणीत क्षयाचे जंतू नव्हते.

संपूर्ण शरीराच्या एमआरआयमध्ये नडगी आणि हासळीखेरीज उजवी मांडी आणि पाठीचा एक मणकाही उजळलेला दिसला. मांडी किंवा पाठ दुखते, असे ती मुलगी कधी बोललीच नव्हती.

अँटिबायोटिक थांबवून नेप्रोक्सेन हे दाह आणि वेदना कमी करणारे औषध सुरू केले. महिन्याभरात तिचे रात्रीचे दुखणे बरेच कमी झाले, पण मणक्याची काळजी राहिली, कारण या आजारात तो दबून बसू शकतो. म्हणून हाडांची झीज रोखणाऱ्या पॅमिड्रोनेट या औषधाच्या सलाइनची तयारी ठेवून, आईवडील पुन्हा ऊसतोडीला निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, दुसऱ्या एमआरआयची तारीख मी आजींच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली.