झाशीत, गोडसे भटजींच्या मागून

झाशीला जाताना सॅकमध्ये कपडे कमी आणि पुस्तकं जास्त, यावरून घरी बोलणी खाल्ली. पण गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' हे प्रवासवर्णन झाशीतच बसून पुन्हा वाचायचं, हे कॉलेजपासून डोक्यात होतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड आडवं आलं आणि फिरत फिरत भटजी नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले.

गाडीत मात्र वाचत होते वृंदावनलाल वर्मांची 'झाँसी की रानी'. १९४६ची कादंबरी. वर्मा झाशीतच वकिली करत, त्यामुळे गल्लीबोळ त्यांच्या पायाखालचे. त्यांची मोतीबाई मला फार आवडली. गंगाधररावांच्या नाटकशाळेतली नटी, पुढे राणीच्या बाजूने लढणारी. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात गोलंदाज गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची एकत्र मजार दिसली आणि मी तिथेच रेंगाळले. कादंबरीतलं माणूस असं अचानक दगडाखाली भेटलं की जरा चमकायलाच होतं.

बाकी किल्ला गाईडच्या ताब्यात. ओरछाच्या बीरसिंह देवाने १६१३ साली बांधला, ही कडक बिजली तोफ, ही भवानीशंकर, आणि इथून राणीने घोड्यासकट उडी मारली. तिथे 'जंपिंग स्पॉट' अशी पाटीच आहे. खाली वाकून पाहिलं तर पोटात गोळा आला. भटजींच्या पुस्तकात ही उडी नाही. त्यांच्या बाईसाहेब मुलाला पाठीशी बांधून शहरातून घोड्यावरून निघून जातात. मला तेच जास्त धाडसाचं वाटतं, पण गाईडशी कोण वाद घालणार!

खरं सांगायचं तर भटजींची झाशी किल्ल्यात नाहीच. ती खाली, शहरात आहे. म्हणून दुपारी रानी महालात गेले. छताला रंगीत वेलबुट्टी, चौकात ठिकठिकाणच्या जुन्या मूर्ती मांडलेल्या, बहुतेकांची नाकं गेलेली. पायरीवर बसून शहर पडल्यानंतरची पानं काढली. एप्रिल १८५८. पाळीपाळीने लूट होते: आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग धान्य आणि कापडचोपड. भटजी घरात लपलेले, कमावलेली दक्षिणा गेलेली. आणि मधेच येतं संस्थानच्या ग्रंथसंग्रहाचं वर्णन. मोठ्या हौसेने जमवलेल्या पोथ्यांची गोऱ्या सोजिरांनी धूळधाण केली. माणसं मेल्याचं लिहिताना भटजी तसे सावरलेले आहेत. पोथ्यांपाशी मात्र त्यांचा गळा भरून आल्यासारखा वाटतो. मी ते दोनदा वाचलं. वॉचमनने विचारलं, "परीक्षा है क्या?"

या पुस्तकाचंही नशीब बघा. ते पहिल्यांदा छापलं गेलं १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी आपला हात फिरवून. भटजींचा मूळ मजकूर यायला १९६६ उजाडलं, तो दत्तो वामन पोतदारांमुळे. माझ्याकडे दोन्ही आहेत. वैद्यांचं वाचायला सोपं, पण भटजींचा स्वतःचा आवाज पोतदारांच्या प्रतीत. वाक्य संपता संपत नाही आणि तरी सोडवत नाही.

तिसऱ्या दिवशी ओरछा. तासाभराच्या आत टमटमने पोचता येतं. ओरछाच्या दरबारातले कवी केशवदास यांचं 'कविप्रिया' सोबत होतं, पण ती ब्रज भाषा माझ्या आवाक्याबाहेरची निघाली. राय प्रवीण महालाच्या बागेत चार दोहे वाचले आणि मुकाट्याने बेतवेत पाय सोडून बसले.

संध्याकाळी झाशीतल्या गणेश मंदिरात गेले. मणिकर्णिकेचं गंगाधररावांशी लग्न लागलं ते हेच देऊळ. एक आजी वाती वळत बसल्या होत्या. माझं मराठी ऐकून म्हणाल्या, "महाराष्ट्रातनं आली का तू? आम्ही पण कोकणातलेच म्हणे. गाव कोणतं ते आता कोणालाच मालूम नाही."

मी पुस्तक दाखवलं. भटजी काळपीच्या वाटेवर विहिरीशी राणीला भेटतात ते पान काढून दिलं. ते तिच्यासाठी पाणी काढायला जातात, तर ती म्हणते की तुम्ही विद्वान, तुम्ही नका काढू, आणि स्वतः पोहरा ओढून ओंजळीने पिते. आजींनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागल्या. जुनं मराठी, मधे मधे अडखळत. विहिरीपाशी थांबल्या.

"यात आपल्या हलवाईपुऱ्याचं आहे का काही?"

आहे. आग लावल्याचं आहे. मी पानं मागे उलटली, ते वर्णन सापडलं, आणि वाचून दाखवू की नको असा विचार करत असतानाच त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं. आरतीची घंटा झाली तरी त्या वाचतच होत्या. वाती अर्ध्या वळलेल्या तशाच मांडीवर.