ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन : विमानात पावणेदोन तास, पण तयारी परदेशवारीची

उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो ते आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन हे हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर, म्हणजे मुंबई-बंगळूरपेक्षा जरासं जास्त. विमान पावणेदोन तासांच्या आत पोहोचवतं. मधे जवळजवळ नुसता समुद्र. तिकीट काढताना मात्र हा देशांतर्गत प्रवास समजू नका. स्वालबार्ड नॉर्वेच्याच ताब्यात असलं तरी शेंगेन हद्दीत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण ट्रोम्सोला पासपोर्टची तपासणी झाली की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. परत यायला दुसरा प्रवेश हवा. भारतातून येणाऱ्यांनी व्हिसा दुहेरी किंवा बहुप्रवेशाचाच मागावा. आमच्या खिडकीवरच्या अधिकारी बाईंनी शिक्का मारण्याआधी व्हिसाचं पान उलटून नेमकं तेच तपासलं. नॉर्वेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी रहिवासी कार्डाबरोबर पासपोर्टही जवळ ठेवावा.

ओस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणारं विमान असेल तर ट्रोम्सोला हातातलं सामान घेऊन उतरावं लागतं आणि तपासणी करून पुन्हा चढावं लागतं. परतताना पासपोर्टबरोबर कस्टम्सही असतं. त्यामुळे पुढचं विमान लगेचचं घेऊ नका. शक्य असेल तर ट्रोम्सोत एक रात्र काढा. उत्तरेकडे धुकं आणि वारा वेळापत्रक सहज बिघडवतात.

आम्ही जूनमध्ये गेलो. अर्ध्याहून जास्त वाट खाली ढगच होते. मग एकदम ढग फाटले आणि स्वालबार्डच्या सर्वांत मोठ्या बेटाचे, स्पिट्सबर्गेनचे, डोंगर दिसले : काळ्या कड्यांच्या घळींतून उभे उतरलेले बर्फाचे पट्टे, मधून सरकत आलेल्या हिमनद्या. खिडकीची जागा मिळवाच, कुठल्याही बाजूची चालेल.

उतरल्यावर शिडीवरून थेट विमानतळाच्या मोकळ्या फरसावर येतो आणि टर्मिनलपर्यंत चालत जावं लागतं. जूनमध्येही पारा चार-पाच अंशांच्या आसपास असतो आणि वारा झोंबतो. टोपी, हातमोजे, जाड जाकीट मोठ्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे, मुलांना फोटोसाठी वेळ द्या. बाहेर बस उभी असते, ती हॉटेलांपर्यंत सोडते.

हा विमानतळ १९७५चा, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेला. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटी बंद पडत आणि खाणकामगारांच्या वस्तीचा जगाशी संबंध जवळजवळ तुटत असे. हे माहीत असलं की विमानातून उतरताना त्या धावपट्टीचं मोल कळतं.

गावाबाहेर अस्वलाचा धोका खरा आहे, बंदूकधारी वाटाड्याशिवाय वस्तीची हद्द ओलांडू नका. विमा काढताना शोध-बचाव आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते नीट वाचा. इथलं रुग्णालय छोटं आहे, गंभीर आजाऱ्याला विमानाने ट्रोम्सोलाच नेतात.

बऱ्याच जणांना पुढे न्यू-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीलाही जायचं असतं, कारण तिथे आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. ते २००८पासून चालू आहे आणि गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था ते चालवते. लाँगइयरब्येनहून अंतर जेमतेम ११० किलोमीटर आणि छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं, पण रस्ता नाही. त्या विमानातल्या जागा मुख्यतः संशोधकांसाठी असतात. पर्यटकांनी उन्हाळ्यातली बोट पाहावी आणि तिचं आरक्षण विमानाच्या तिकिटाआधी करावं.